जुना अ‍ॅम्प्लिफायर भंगारात देण्यापूर्वी

घरातले एखादे यंत्र बिघडले की आपल्याला दोन सल्ले फुकट मिळतात. दुकानदार म्हणतो, जुने द्या, नवे घ्या. शेजारी म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल. सल्ला फुकट असला तरी दोन्हीकडे पैसा जातो तो आपलाच. म्हणून या अंकी आम्ही अशा एका वस्तूविषयी लिहीत आहोत, जी पुष्कळ घरांत टीव्हीच्या खाली किंवा कपाटाच्या वर धूळ खात पडलेली आहे. ती वस्तू म्हणजे स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्यांनी पगारातून बाजूला टाकून, हप्ते फेडून असा अ‍ॅम्प्लिफायर घरात आणला, त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे. पुढे त्याची एक बाजू वाजेनाशी होते. दुरुस्तीवाला उघडून पाहतो आणि सांगतो, "आउटपुटचा आयसी गेला. तो आता मिळत नाही." त्याचे म्हणणे बहुधा खोटे नसते. त्या काळच्या अनेक मशिनींत एसटीके मालिकेतले आयसी असत. त्यांतले पुष्कळ आयसी मूळ कंपनीने बनवणे केव्हाच बंद केले आणि बाजारात त्या नावाचा नकली माल भरपूर आहे. नकली आयसी बसवला तर तो काही दिवसांत पुन्हा जातो, आणि जाताना कधी कधी स्पीकरही घेऊन जातो.

परंतु वाचकहो, आयसी गेला म्हणजे सगळे मशीन गेले असे नाही. हे कसे, ते नीट समजून घेऊ.

एका डब्यात दोन कामगार

आपण ज्याला अ‍ॅम्प्लिफायर म्हणतो, त्या डब्यात खरे तर दोन वेगवेगळी यंत्रे बसवलेली असतात. म्हणूनच त्याला इंटिग्रेटेड, म्हणजे एकत्र केलेला अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. पहिले यंत्र प्री-अ‍ॅम्प्लिफायर, दुसरे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर.

एखादे गोदाम डोळ्यांसमोर आणा. तिथे एक कारकून असतो आणि एक माथाडी असतो. कोणता माल आत घ्यायचा, किती पाठवायचा, कमी-जास्त कसे जुळवायचे हे कारकून पाहतो. माल प्रत्यक्ष पाठीवर उचलून ट्रकवर चढवतो तो माथाडी. प्री-अ‍ॅम्प हा कारकून आहे. कॅसेट ऐकायची की रेडिओ, की सीडी, हे निवडणारे बटण त्याच्या ताब्यात. व्हॉल्यूम, बेस, ट्रेबल, डाव्या-उजव्या बाजूचा तोल हेही त्याच्याकडेच. पॉवर अ‍ॅम्प हा माथाडी. कारकुनाने दिलेला बारीक सिग्नल घेऊन तो स्पीकरचा जड पडदा हलवण्याइतका दांडगा करतो.

कोणाचे काम किती जड, ते हिशेबाने पाहू. सीडी प्लेअर जास्तीत जास्त साधारण २ व्होल्टचा सिग्नल देतो. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट द्यायचे तर २० व्होल्ट लागतात आणि अडीच अँपिअर करंट लागतो. २० गुणिले अडीच बरोबर ५०. हा अडीच अँपिअरचा बोजा पॉवर भाग वाहतो. तोच तापतो, तोच झिजतो, आणि जळतो तोही बहुधा तोच. प्री भागातून करंट अगदी थोडा वाहतो. त्यामुळे वीस-तीस वर्षांनंतरही तो अनेकदा शाबूत सापडतो. फार तर बटणांत धूळ जाऊन खरखर येते. ती कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते.

थोडक्यात, माथाडीची पाठ मोडली म्हणून कारकुनालाही घरी बसवण्याचे कारण नाही. जुन्या मशीनकडून प्री-अ‍ॅम्पचे काम घ्यावे आणि वजन उचलण्यासाठी दुसरा गडी जोडावा. हा दुसरा गडी म्हणजे वेगळा पॉवर अ‍ॅम्प, किंवा ज्यांच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर असतो ते पॉवर्ड स्पीकर, किंवा घरात पडलेला दुसरा जुना अ‍ॅम्प्लिफायरही चालतो.

आधी गरज तपासा

काहींचा जुना अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत असतो. तरी मोठ्या वॅटचा पॉवर अ‍ॅम्प घेऊन जुन्याचा प्री-अ‍ॅम्प करावा असे त्यांच्या मनात येते. त्यांनी खिशात हात घालण्याआधी पुढचे आकडे वाचावेत.

२५ वॅटचे ५० वॅट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला तो फरक आहे एवढेच कळते. आवाज दुप्पट मोठा वाटायला हवा असेल तर वॅट साधारण दहापट करावे लागतात, म्हणजे २५ चे २५०. जाहिरातीतला वॅटचा आकडा दुप्पट झाला की किंमत वाढते, आवाज मात्र दुप्पट होत नाही.

दुसरी गोष्ट. घरगुती स्पीकर बॉक्सच्या माहितीपत्रकात ९० डेसिबलच्या आसपासचा आकडा दिसतो. त्याचा अर्थ, केवळ १ वॅट दिला असता १ मीटरवर ९० डेसिबल आवाज. दहा बाय बाराच्या खोलीत गाणे ऐकताना आपण बहुतेक वेळ १ वॅटदेखील वापरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ऐकण्याच्या साधनांसाठी जी मर्यादा घालून दिली, ती मोठ्यांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांना ७५ डेसिबल अशी आहे. ती प्रामुख्याने कानाला लावून ऐकायच्या साधनांसाठी असली, तरी कान तेच आहेत. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. भिंतीपलीकडे कोणाचा दहावीचा अभ्यास चालू असतो, कोणी रात्रपाळी करून झोपलेला असतो. तेव्हा खोली लहान आणि मशीन चांगले असेल, तर नव्या पॉवर अ‍ॅम्पचा खर्च वाचवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग हा उपाय कोणासाठी? ज्यांच्या मशीनचा पॉवर भाग जळाला आहे त्यांच्यासाठी. ज्यांनी पॉवर्ड स्पीकर घेतले आहेत, पण त्यांना चार ठिकाणचे सिग्नल जोडायचे आहेत त्यांच्यासाठी. ज्यांच्याकडे ग्रामोफोन रेकॉर्डी आहेत त्यांच्यासाठी. आणि ज्यांचे स्पीकर मोठे, खोली मोठी, पण अ‍ॅम्प्लिफायर अपुरा पडतो त्यांच्यासाठी. अपुरा अ‍ॅम्प्लिफायर ताकदीबाहेर ताणला की आवाज फाटतो आणि बॉक्समधला छोटा ट्वीटर जळतो.

मशीनची पाठ वाचायला शिका

मशीनचा प्लग काढा आणि ते वळवून पाठीमागची अक्षरे वाचा. सगळे त्यावर अवलंबून आहे.

"प्री आउट" असे लिहिलेल्या दोन आरसीए पिनच्या जागा दिसल्या तर तुमचे काम सोपे आहे. व्हॉल्यूम आणि बेस-ट्रेबल यांतून जाऊन आलेला सिग्नल तिथे बाहेर काढलेला असतो. तिथून चांगल्या शिल्डेड वायरने पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुटला जोडले की झाले. व्हॉल्यूम जुन्याच बटणाने कमी-जास्त होतो.

काही मशिनींवर "प्री आउट" आणि "मेन इन" शेजारी-शेजारी असतात आणि धातूच्या दोन वाकड्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. १९७८ साली आलेला एनएडी कंपनीचा ३०२० हा अ‍ॅम्प्लिफायर याचे प्रसिद्ध उदाहरण. कागदावर तो फक्त २० वॅटचा, पण जगभर खपला. त्याच्या पाठीवर प्री भाग आणि पॉवर भाग असे वेगळे करता येतील अशी सोय होती. मालकाला पुढे ऐपत आली तर मोठा पॉवर अ‍ॅम्प जोडावा आणि जुने मशीन तसेच वापरावे, हा त्यातला सोयीचा भाग. अशा मशीनच्या पट्ट्या काढून प्री आउट पुढे न्यावे. काढलेल्या पट्ट्या कागदात गुंडाळून, वर नाव लिहून जपून ठेवाव्यात. त्या हरवल्या तर पुढे मशीन एकटे वाजवायचे म्हटले तरी वाजणार नाही, आणि चांगल्या मशीनला लोक बिघडलेले समजतील.

प्री आउट नसेल आणि फक्त "टेप आउट" किंवा "रेक आउट" असेल, तर सावध राहावे. ही जागा कॅसेटवर रेकॉर्डिंग करण्यासाठी दिलेली असते. इथला सिग्नल व्हॉल्यूमच्या आधीच बाहेर पडतो. म्हणजे बटण शून्यावर असले तरी इथे पूर्ण सिग्नल मिळतो. तो थेट पॉवर अ‍ॅम्पला जोडला तर पहिल्याच क्षणी पूर्ण आवाजाचा धमाका होईल. मात्र पुढच्या मशीनला किंवा पॉवर्ड स्पीकरला स्वतःचे व्हॉल्यूम असेल, तर टेप आउट चालतो. अशा वेळी कोणता सिग्नल निवडायचा एवढेच काम जुने मशीन करते. बेस-ट्रेबलची बटणे मात्र तिथे लागू पडत नाहीत.

रेकॉर्डी असणाऱ्यांना यात मोठा फायदा आहे. रेकॉर्डच्या सुईतून येणारा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे सीडीच्या काही सहस्रांशांएवढा. तो साधारण शंभरपट वाढवावा लागतो आणि रेकॉर्ड कापताना मुद्दाम कमी केलेला बेस पुन्हा भरून काढावा लागतो. हे काम "फोनो" इनपुटमागची वेगळी पाटी करते. आजच्या पुष्कळ नव्या यंत्रांत ती नसतेच. जुन्या मशीनमध्ये ती शाबूत असेल, तर फोनोतून आत आणि टेप आउटमधून बाहेर, एवढ्यावर वडिलांच्या काळातल्या रेकॉर्डी नव्या स्पीकरवर ऐकता येतात.

जे करू नये ते

स्पीकरची वायर जिथे लावतात, तिथून दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला वायर जोडू नये. वरचा हिशेब आठवा. जिथे १-२ व्होल्ट अपेक्षित आहेत तिथे २० व्होल्ट गेले तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय आजकालच्या अनेक छोट्या अ‍ॅम्प्लिफायरांत आणि मोटारीच्या स्टिरिओंत स्पीकरच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, कोणतेच टोक ग्राउंड नसते. त्यातले वजा टोक आरसीए पिनच्या बाहेरच्या कड्याला लावले की शॉर्ट होऊन मशीन जाते. अगदीच नाइलाज असेल तर मोटारीत वापरतात तो हाय-टू-लो कन्व्हर्टर मध्ये घालावा. अर्थात ज्याचा पॉवर भाग जळाला आहे त्याला याचा उपयोग नाही. अशा मशीनच्या हेडफोनच्या जागेतूनही बहुधा काही मिळत नाही, कारण पुष्कळ मशिनींत हेडफोनचा सिग्नल पॉवर भागातूनच आलेला असतो.

प्री आउट नसलेल्या पण पॉवर भाग जळालेल्या मशीनला वाट आहे. व्हॉल्यूम-टोनच्या पाटीतून पॉवरच्या पाटीकडे जाणारी सिग्नलची जागा जाणत्या कारागिराला लगेच सापडते. तिथून शिल्डेड वायर काढून पाठीवर दोन आरसीए सॉकेट बसवले की प्री आउट तयार होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत लागणारे सामान सहज मिळते. पण कारागिराला एक गोष्ट बजावून सांगावी: जळालेला आयसी किंवा ट्रान्झिस्टर काढून टाकून पॉवर भागाचा पुरवठा तोडायला हवा. दोन्ही भाग बहुधा एकाच ट्रान्सफॉर्मरवर चालतात. जळालेला भाग तसाच राहिला तर तो पुरवठा ओढत राहील, ट्रान्सफॉर्मर तापेल, फ्यूज पुन्हा पुन्हा उडेल. फ्यूज उडतो म्हणून त्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. फ्यूज हा घराचा पहारेकरी आहे. त्याला बाजूला सारले की आगीला दार उघडे मिळते.

हे काम घरी करू नये. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरांत चार्ज साठून राहतो. आणि ज्यांच्याकडे व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्यांनी तो स्पीकर न लावता कधीही चालवू नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ट्रान्झिस्टरच्या मशीनला असा धोका नाही. ते स्पीकरशिवाय नुसते प्री-अ‍ॅम्प म्हणून चालते.

घरघर आणि अर्थिंग

दोन मशिनी जोडल्या की पुष्कळदा "हूं..." अशी सतत घरघर येते. कारण बहुतेक वेळा असे असते की दोन्ही मशिनी दोन वाटांनी जमिनीला जोडल्या जातात आणि त्या वाटांचे कडे तयार होते. यावर काही वायरमन झटपट उपाय सांगतात: प्लगची जाड, तिसरी पिन काढून टाका. घरघर थांबते, हे खरे. पण ती तिसरी पिन अर्थिंगची आहे. मशीनच्या आत वायर निसटून पत्र्याला लागली, तर २३० व्होल्ट त्या पत्र्यावर येतात. अर्थिंग असेल तर फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. अर्थिंग नसेल तर मशीन पुसायला गेलेल्या ओल्या हातातून करंट जातो. गाण्यातली घरघर घालवण्यासाठी घरातले माणूस पणाला लावू नये. ज्या घरात बोर्डाला तिसरे भोक आहे पण मागे अर्थिंगची वायरच नाही, त्यांनी आधी ती ओढून घ्यावी, अ‍ॅम्प्लिफायरचे नंतर पाहावे.

घरघर घालवण्याचे सुरक्षित मार्ग आहेत. दोन्ही मशिनी एकाच बोर्डावर लावाव्यात. सिग्नलची वायर आखूड आणि शिल्डेड असावी, ती विजेच्या वायरीला चिकटून नेऊ नये. सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल तर त्याची केबल काढून पाहावी; पुष्कळदा घरघर त्याच वाटेने येते. रेकॉर्ड प्लेअरची बारीक ग्राउंड वायर मशीनच्या "जीएनडी" स्क्रूला लावावी.

रोजची शिस्त

जोडताना सगळे प्लग काढलेले असावेत. सुरू करताना आधी प्री-अ‍ॅम्प, शेवटी पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना उलट, आधी पॉवर अ‍ॅम्प. हा क्रम चुकला तर प्री-अ‍ॅम्प सुरू होतानाचा धप्प आवाज पॉवर अ‍ॅम्प वाढवून स्पीकरवर आदळतो. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, एकदा करून दाखवावी.

पुढचे मशीनही इंटिग्रेटेडच असेल, तर पहिल्याचे प्री आउट दुसऱ्याच्या "ऑक्स"मध्ये जोडावे. दुसऱ्याचे बेस-ट्रेबल मधोमध ठेवावेत आणि त्याचे व्हॉल्यूम आधी शून्यावर. मग गाणे लावून, पहिल्याचे बटण निम्म्यावर आणून, दुसऱ्याचे हळूहळू वाढवावे. नेहमीपेक्षा थोडा मोठा आवाज मिळाला की तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि पुढे ते बटण हलवू नये. अशा रीतीने एकाचा पॉवर भाग गेलेला आणि दुसऱ्याचे निवडीचे बटण गेलेले अशा दोन निकामी मशिनींतून एक चांगले मशीन उभे राहते.

नव्या टीव्हींना मागे आरसीए आउट नसते, ऑप्टिकल असते. तिथे एक छोटा डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर लावून तो जुन्या मशीनच्या ऑक्समध्ये जोडता येतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज "पीसीएम"वर ठेवावा. बातम्या ऐकताना वयस्क माणसांना शब्द नीट कळू लागतात, कारण टीव्हीचे पोटातले बारीक स्पीकर बाजूला राहतात.

शेवटी ताळेबंद मांडू. खर्चाच्या बाजूला एक शिल्डेड वायर, फार तर दोन सॉकेट आणि कारागिराची मजुरी. पुढचा गडी घरात नसेल तर त्याची किंमत. जमेच्या बाजूला शाबूत राहिलेला प्री भाग, फोनोची पाटी, आणि एकेकाळी घाम गाळून घेतलेली वस्तू. खर्चाची बाजू जड झाली, तर हट्ट धरू नये. मशीन ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला द्यावे, मुलांच्या हातात फोडायला देऊ नये. पण हा हिशेब मांडल्याशिवाय कोणतेही मशीन दाराबाहेर काढू नये. आणि वस्तीतला एखादा मुलगा किंवा मुलगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत असेल, तर कारागिराकडे जाताना त्यांना सोबत घेऊन जावे. पाठीवरची अक्षरे वाचता आली की पुढच्या वेळी घरातल्या यंत्राविषयी सल्ला विचारायला दुकानदाराकडे जावे लागणार नाही.